'मुद्दे चांगले, पण पटले नाहीत' हा शेरा कशामुळे मिळतो?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षात शिकतो आणि दोन वर्षांपासून वादविवाद स्पर्धांत भाग घेतो. विषय मिळाला की भरपूर वाचतो, आकडे आणि दाखले पाठ करतो, आवाजही चांगला आहे. तरीही गुणपत्रिकेवर 'मुद्दे चांगले, पण पटले नाहीत' असा शेरा येतो. खंडनाच्या वेळी समोरच्याने काय म्हटले होते हेच आठवत नाही आणि वेळ पुरणार नाही या भीतीने मी घाईघाईने बोलतो. माझे बोलणे प्रभावी कसे होईल?"

विद्यार्थ्यांची वादविवादाची तयारी करून घेणे आणि स्पर्धांचे परीक्षण करणे ही दोन्ही कामे मी बावीस वर्षे करत आहे, आणि हा शेरा मी स्वतःही अनेकांच्या कागदावर लिहिलेला आहे. त्यामुळे तो लिहिताना परीक्षकाच्या मनात नेमके काय असते ते आधी सांगतो. परीक्षक ऐकत असताना त्याच्या मनात प्रत्येक विधानापाठोपाठ तीन प्रश्न उभे राहत असतात: 'कशावरून?', 'ते कसे घडेल?' आणि 'बरे, मग त्याचे काय?' वक्त्याने या प्रश्नांची उत्तरे त्या त्या जागी दिली तर मुद्दा पटतो. उत्तर न देता वक्ता पुढच्या मुद्द्याकडे गेला तर परीक्षक मागेच अडकून राहतो आणि शेवटी असा शेरा लिहितो. तुमच्याकडे साहित्य आहे याची त्याला खात्री पटलेली असते, पण त्या साहित्यापासून निष्कर्षापर्यंतची वाट त्याला एकट्याने चालावी लागलेली असते. म्हणून आवाज, हातवारे, शब्दसंपत्ती यांच्याकडे वळण्याआधी युक्तिवादाच्या या मधल्या वाटेकडे लक्ष द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याआधी आणखी एक गोष्ट पक्की करून घ्यावी. तुम्हाला पटवायचे आहे ते परीक्षकाला आणि सभागृहाला. समोरच्या संघाला पटवणे हे तुमचे काम नाही आणि ते घडणारही नाही. विद्यापीठीय वादविवादाच्या जागतिक स्पर्धेत, जी १९८१ साली ग्लासगो येथे सुरू झाली, परीक्षकांना सूचना असते की त्यांनी स्वतःला सामान्य सुजाण मतदाराच्या जागी कल्पून निर्णय द्यावा. असा माणूस वर्तमानपत्र वाचतो, त्याला जगाची साधारण माहिती असते, तो मोकळ्या मनाने ऐकतो. पण त्या विषयाचा तो तज्ज्ञ नसतो आणि वक्त्याने न सांगितलेली गोष्ट तो स्वतःहून भरून काढत नाही. तुमच्या स्पर्धेचे नियम वेगळे असले तरी हा श्रोता डोळ्यांसमोर ठेवून भाषण बांधले तर फारसे चुकणार नाही.

आता एक विषय घेऊन हे प्रत्यक्ष पाहू. समजा, प्रस्ताव आहे 'मतदानाचे वय १६ करावे', आणि तुम्ही प्रस्तावाच्या बाजूने बोलत आहात. विद्यार्थ्यांचे पहिले लेखन बहुतेक वेळा पुढीलप्रमाणे असते: "सोळाव्या वर्षी मताधिकार दिल्यास लोकशाही बळकट होईल. ऑस्ट्रियाने २००७ साली हे पाऊल उचलले. ब्राझीलमध्ये १९८८ च्या राज्यघटनेपासून सोळा वर्षांच्या नागरिकांना ऐच्छिक मताधिकार आहे. स्कॉटलंडच्या २०१४ च्या सार्वमतात सोळा आणि सतरा वर्षांच्या मुलांनी मतदान केले. म्हणून आपणही मागे राहता कामा नये." यातील तीनही दाखले खरे आहेत, तरीही यातून काहीही सिद्ध झालेले नाही. लोकशाही 'बळकट' होते म्हणजे नेमके काय होते, ते कोणत्या मार्गाने होते आणि त्या मार्गाशी ऑस्ट्रियाचा संबंध काय, हे तीनही प्रश्न श्रोत्याच्या हातात तसेच राहिले आहेत.

आपल्याकडच्या न्यायदर्शनाने, म्हणजे तर्क आणि वादाचा विचार करणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनाने, या अडचणीचा फार बारकाईने विचार केलेला आहे आणि वादपटूंनी तो अभ्यासावा असे मी आग्रहाने सांगतो. गौतमाच्या न्यायसूत्रांत युक्तिवादाचे पाच अवयव दिले आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर आहे, हा हेतू. जिथे धूर असतो तिथे आग असते, जसे स्वयंपाकघरात, हे उदाहरण. या डोंगरावरचा धूरही तसाच आहे, हा उपनय. म्हणून डोंगरावर आग आहे, हे निगमन. पुढच्या न्यायग्रंथांनी स्वतःपुरते केलेले अनुमान आणि दुसऱ्यासाठी मांडलेले अनुमान यांत भेद केला आणि पाच अवयवांची ही मांडणी दुसऱ्यासाठी लागते असे सांगितले. स्वतःची खात्री करून घ्यायला माणसाला इतक्या पायऱ्यांची गरज पडत नाही. धूर दिसला की आग मनात उमटते. विद्यार्थी नेमके इथेच चुकतात. स्वतःची खात्री ज्या उडीने झाली तीच उडी ते श्रोत्याकडून अपेक्षितात. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त गळणारा अवयव म्हणजे उपनय. उदाहरण दिले जाते, पण ते उदाहरण या प्रस्तावाला कसे लागू पडते ते सांगितले जात नाही.

वरचाच मुद्दा आता नीट बांधू. "मतदान ही बऱ्याच अंशी सवय आहे. ज्याची पहिली संधी हुकते, त्याला ती सवय लागायला उशीर होतो. अठरावे वर्ष ही पहिल्या संधीसाठी गैरसोयीची वेळ आहे, कारण त्याच सुमारास अनेक मुले शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी घर सोडतात, त्यांचा पत्ता बदलतो, मतदार यादीतले नाव एका ठिकाणी राहते आणि ती स्वतः दुसरीकडे असतात. सोळाव्या वर्षी मात्र बहुतेक मुले घरीच राहत असतात आणि शाळेत जात असतात. त्यांची नावनोंदणी शाळेतूनच करता येते, मतदानाची पद्धत वर्गात समजावता येते आणि पहिले मतदान घरच्यांबरोबर जाऊन करता येते. म्हणून वय दोन वर्षांनी खाली आणल्याने मतदारांची संख्या वाढते एवढेच घडत नाही, तर आयुष्यभर मतदान करणाऱ्यांचे प्रमाण वाढण्याची शक्यता निर्माण होते." इथे एकही आकडा नाही. तरीही श्रोता विचारतो त्याच क्रमाने उत्तरे येत असल्यामुळे हा मुद्दा पहिल्या मांडणीपेक्षा कितीतरी वजनदार झाला आहे.

मग ऑस्ट्रियाचे काय करावे? तो दाखला टाकून देऊ नये, योग्य जागी वापरावा. ऑस्ट्रियाने राष्ट्रीय निवडणुकांसाठी वय १६ केले आणि पुढे तो निर्णय फिरवला नाही, यावरून एवढे नक्की दाखवता येते की ही सुधारणा व्यवहारात राबवता येते आणि तिने राज्यव्यवस्था कोलमडत नाही. म्हणजे 'असे केल्याने गोंधळ माजेल' या आक्षेपाचे उत्तर म्हणून हा दाखला उत्तम आहे. 'मतदानाची सवय लागते' या दाव्याचा पुरावा म्हणून मात्र नुसते नाव आणि साल पुरेसे नाही. प्रत्येक दाखल्यासमोर मी विद्यार्थ्यांना एक ओळ लिहायला लावतो: 'यावरून एवढेच सिद्ध होते की...' ती ओळ लिहिता आली नाही तर तो दाखला भाषणात घेऊ नये. सात मिनिटांच्या भाषणात असे नीट बसवलेले दोन दाखले नुसत्या उच्चारलेल्या दहा दाखल्यांपेक्षा अधिक काम करतात.

यापुढची पायरी जरा अवघड आहे आणि चांगला वक्ता व उत्तम वक्ता यांतले अंतर मला बहुधा इथेच दिसते. आपण आत्ताच म्हटले की सोळाव्या वर्षी मुले घरी राहतात. समोरचा संघ उठून म्हणेल, "ती घरी राहतात, म्हणूनच ती आईवडील सांगतील त्याला मत देतील." वस्तुस्थिती एकच, पण ती दोन्ही बाजूंनी वापरली गेली. अशा वेळी नवखा वक्ता आपला मूळ मुद्दा आणखी मोठ्या आवाजात पुन्हा सांगतो. त्याने परीक्षकाला काहीही मिळत नाही, कारण त्याच्यापुढे आता दोन खऱ्या वाटणाऱ्या गोष्टी आहेत आणि त्यांतली कोणती जास्त महत्त्वाची हे त्याला कुणी सांगितलेले नाही. इथे तुलना करावी लागते, आणि ती उघड शब्दांत करावी लागते: "घरच्यांचा प्रभाव काही मुलांवर पडेल, हे आम्ही मान्य करतो. परंतु मतदान गुप्त असते आणि प्रभाव वयाबरोबर ओसरत जातो, म्हणजे हे नुकसान भरून येणारे आहे. ज्याला मतदानाची सवयच लागली नाही, त्याच्या बाबतीतले नुकसान मात्र वर्षानुवर्षे चालू राहते. दोन्ही नुकसाने समोर ठेवली तर दीर्घकाळ टिकणारे नुकसान टाळणे अधिक आवश्यक आहे." विरोधी बाजूकडे यालाही चांगले उत्तर आहे. ती म्हणू शकते की दुसऱ्याच्या सांगण्यावरून मत देण्याची सवय लागणे, हीसुद्धा एक टिकून राहणारी सवय आहे आणि ती लोकशाहीला अधिक घातक आहे. दोन्ही बाजू या ठिकाणी येऊन भिडल्या की खरा वाद सुरू झाला असे समजावे. तुलनेच्या कसोट्याही फार नाहीत: किती लोकांवर परिणाम होतो, किती खोलवर होतो, किती काळ टिकतो, घडण्याची शक्यता किती आणि झालेले नुकसान भरून काढता येते का. यांपैकी एखादी कसोटी निवडून 'आम्ही हिच्यावर जिंकतो' असे स्पष्ट म्हणावे. परीक्षकाला निर्णय लिहिताना तेच वाक्य हाताशी लागते.

आता खंडनाकडे वळतो, कारण तुमची मोठी अडचण तीच दिसते. समोरच्याचे बोलणे आठवत नाही, यामागे स्मरणशक्ती कमी असणे हे कारण क्वचितच असते. समोरचा बोलत असताना तुम्ही मनात स्वतःचे भाषण घोळवत असता, हे खरे कारण असते. न्यायसूत्रांत वादात हार ठरवणारी बावीस निग्रहस्थाने सांगितली आहेत. त्यांतील एकाचे नाव 'अननुभाषण' आहे: प्रतिपक्षाने तीनदा सांगितलेले आणि सभेला समजलेले म्हणणे ज्याला पुन्हा उच्चारून दाखवता येत नाही, तो हरला. उत्तर देणे दूरच राहिले. समोरच्याचे म्हणणे नीट सांगता आले नाही, एवढ्यावरच हार मानली गेली आहे. मला हा नियम अतिशय न्याय्य वाटतो, आणि सरावात मी तो जसाच्या तसा वापरतो.

एका सरावाचा प्रसंग सांगतो. दोन विद्यार्थी समोरासमोर होते आणि प्रस्ताव परीक्षेत पुस्तक जवळ बाळगू देण्याविषयी होता. विरोधात बोलणाऱ्या मुलाने म्हटले होते की, पुस्तक उघडण्याची मुभा असली की विद्यार्थी आधी वाचत नाहीत, आणि परीक्षेत पाने चाळण्यातच त्यांचा वेळ जातो. मुलगी उत्तराला उठली आणि म्हणाली, "माझे प्रतिस्पर्धी म्हणतात की विद्यार्थी आळशी असतात." मी तिला तिथेच थांबवले आणि मुलाला विचारले, "तुम्ही असे म्हणालात का?" तो नाही म्हणाला. तिने दुसऱ्यांदा प्रयत्न केला, तेव्हाही पाने चाळण्याचा भाग सुटला. तिसऱ्यांदा तिने दोन्ही भाग सांगितले, मुलगा "हो, हेच म्हणालो" असे म्हणाला, आणि त्यानंतर तिने दिलेले उत्तर आधीच्या दोन्ही उत्तरांपेक्षा पूर्ण वेगळे होते. ती म्हणाली की पाने चाळण्यात वेळ जातो हे ज्याला एकदा कळते, तो पुढच्या परीक्षेला पुस्तक वाचून आणि खुणा करून येतो, म्हणजे समोरच्याने सांगितलेला दोषच वाचनाची सक्ती करतो. म्हणणे अचूक ऐकले गेल्यामुळेच हे उत्तर तिला सापडले. 'विद्यार्थी आळशी असतात' या विपर्यस्त वाक्याला असे उत्तर कधीच सुचले नसते.

टिपणासाठी कागद उभा दुमडून दोन रकाने करावेत. डावीकडे समोरच्याचा मुद्दा सहा-सात शब्दांत, पण त्याच्या कारणासह लिहावा. 'पालकांचा प्रभाव' एवढे लिहून भागत नाही. 'घरी राहतात म्हणून पालकांचा प्रभाव' असे लिहावे, कारण घाव घालायचा असतो तो त्या 'म्हणून' वर. उजवीकडे त्याच ओळीत स्वतःचे उत्तर वेगळ्या रंगाच्या शाईने लिहावे. ज्या ओळीचा उजवा रकाना रिकामा राहिला, तिथे तुमच्या सहकाऱ्याला मदत करता येते. वाक्ये जशीच्या तशी उतरवण्याचा प्रयत्न करू नये, कारण त्याने कान बंद होतात. सात मिनिटांच्या भाषणात खरे दावे दोन किंवा तीनच असतात. बाकीचा मजकूर त्यांच्या भोवतीचा असतो. बोलताना क्रम साधा ठेवावा: त्यांनी असे म्हटले, ते या कारणाने टिकत नाही, आणि ते टिकत नाही म्हणून वादावर असा परिणाम होतो. तिसरा भाग बहुतेक जण विसरतात. समोरच्याचा एक किरकोळ दाखला खोडला आणि त्याचा मुख्य मुद्दा तसाच उभा राहिला, तर त्या खंडनाचा उपयोग शून्य असतो.

खंडनातील आणखी एक दोष फार बोकाळलेला आहे, त्याविषयी बोललेच पाहिजे. समोरच्याने दोष दाखवला की 'तुमच्या बाजूतही हाच दोष आहे' असे म्हणून मोकळे व्हायचे. न्यायसूत्रांत यालाही निग्रहस्थान मानले असून त्याचे नाव 'मतानुज्ञा' आहे: आपल्या पक्षातला दोष न खोडता तोच दोष दुसऱ्यावर टाकणे म्हणजे तो दोष मान्य करणे. हे उत्तर टाळ्या मिळवते, पण जाणता परीक्षक ते कबुली म्हणून नोंदवतो. आधी आपल्यावरचा आक्षेप दूर करावा आणि मगच समोरच्याचा दोष दाखवावा.

त्याच्या उलट, खरोखर मान्य करण्यासारखी गोष्ट मान्य केल्याने वक्त्याचे वजन वाढते. अॅरिस्टॉटलने मन वळवण्याची तीन साधने सांगितली: वक्त्याचे चारित्र्य, श्रोत्याची भावस्थिती आणि युक्तिवाद. यांतील चारित्र्याबद्दल त्याचा आग्रह असा होता की विश्वास भाषणातूनच निर्माण व्हायला हवा, वक्त्याच्या आधीच्या लौकिकावर तो विसंबून नसावा. विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही फार दिलासा देणारी गोष्ट आहे. तुमच्याकडे पद नाही, लौकिक नाही, पण समोरच्याचे म्हणणे प्रामाणिकपणे सांगणे, जेवढे सिद्ध झाले तेवढाच दावा करणे आणि न पटणाऱ्या टोकाला न जाणे, या गोष्टी तुम्ही सात मिनिटांत दाखवू शकता. उदाहरणार्थ, ब्रिटनने १९६९ साली, अमेरिकेने १९७१ साली आणि भारताने १९८८ च्या ६१ व्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ केले, हा दाखला देऊन 'तेव्हा जे योग्य ठरले ते आताही योग्य ठरेल' असे कुणी म्हणाले, तर समोरचा विचारणारच की मग १४ का नको, १२ का नको. जो वक्ता हा प्रश्न येण्याआधीच स्वतःच्या सीमारेषेचे तत्त्व सांगतो, उदाहरणार्थ 'नागरिकशास्त्राचे शालेय शिक्षण ज्या वयात बहुतांशी पूर्ण होते ते वय', त्याच्यावर श्रोत्याचा विश्वास बसतो, कारण आपल्या मनातली शंका या माणसाने आधीच विचारात घेतली आहे हे त्याला जाणवते.

भावनेविषयी थोडक्यात. आवाज कापरा करणे, डोळ्यांत पाणी आणणे किंवा ऐकणाऱ्याला अपराधी वाटायला लावणे म्हणजे भावनेला आवाहन, अशी समजूत दिसते. एखादा परिणाम एका माणसाच्या पातळीवर उतरवून दाखवला की भावना आपोआप जागी होते. 'लाखो तरुण मताधिकारापासून वंचित आहेत' या वाक्याने काही हलत नाही. 'सतरा वर्षांची मुलगी दुकानात काम करून पगारावर कर भरते, पण तो कर कसा खर्चावा हे ठरवणाऱ्यांना निवडण्यात तिचा वाटा नाही' हे वाक्य शांत आवाजात सांगितले तरी पुरते. मात्र ते युक्तिवादाच्या नंतर यावे. त्याच्या जागी येऊ नये.

आता आवाज, देहबोली आणि वेग. सर्वप्रथम एक गैरसमज दूर करतो, कारण तो व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गांतून सर्रास शिकवला जातो. संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ टक्के आणि देहबोलीचा ५५ टक्के असतो, असे आकडे तुम्ही ऐकले असतील. ते अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ सालच्या प्रयोगांतून आले आहेत. त्या प्रयोगांत सुटा शब्द, तो उच्चारण्याची पद्धत आणि चेहऱ्याचे भाव यांच्यात विसंगती असताना बोलणाऱ्याची भावना लोक कशावरून ओळखतात, एवढेच पाहिले होते. भावना आणि आवडनिवड यांच्याखेरीज इतर संवादाला हे आकडे लागू करू नयेत, असे स्वतः मेहराबियन यांनीही स्पष्ट केले. युक्तिवादाचे ९३ टक्के वजन हातवाऱ्यांवर असते, असे मानून तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याचे फार नुकसान होते. देहबोलीबाबत माझी अपेक्षा माफक आहे: दोन्ही पायांवर सरळ उभे राहावे, कागद छातीसमोर धरून चेहरा झाकू नये आणि एक वाक्य पूर्ण होईपर्यंत एकाच माणसाकडे पाहावे.

वेग हा मात्र गंभीर विषय आहे. पुन्हा न्यायसूत्रांचाच आधार घेतो. 'अविज्ञातार्थ' नावाचे एक निग्रहस्थान आहे: तीनदा सांगूनही जे सभेला आणि प्रतिवादीला कळत नाही, ते बोलणे. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याने आपल्या भाष्यात याची जी कारणे दिली, त्यांत अतिवेगाने केलेला उच्चारही आहे. म्हणजे तुमची अडचण दीड हजार वर्षांपूर्वीही ओळखीची होती आणि तेव्हाही ती हार मानली जात होती. मी विद्यार्थ्यांची भाषणे मोजून पाहिली आहेत. मराठीत स्वस्थपणे, समजेल असे बोलताना मिनिटाला साधारण १०० ते ११० शब्द होतात. सात मिनिटांसाठी सातशेच्या आसपास शब्द पुरेसे असतात, आणि विद्यार्थी अकराशे-बाराशे शब्द लिहून आणतात. इथे धावण्यावाचून गत्यंतर उरत नाही. म्हणून वेगाची समस्या व्यासपीठावर सोडवता येत नाही, ती आदल्या दिवशी कागदावर सोडवावी लागते. चार मुद्दे असतील तर सर्वांत कच्चा मुद्दा काढून टाकावा आणि वाचलेला दीड मिनिट उरलेल्या तिघांच्या 'कसे' आणि 'मग काय' यांसाठी द्यावा. मुद्दा काढताना विद्यार्थ्यांना वाईट वाटते, कारण तो शोधायला कष्ट पडलेले असतात. तरी काढावा.

मराठीत बोलणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट जपावी. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि नकारही शेवटीच येतो. 'या धोरणाने गरिबांचा फायदा होईल असे मानण्यास कोणताही आधार नाही' या वाक्यात सगळा अर्थ शेवटच्या शब्दावर अवलंबून आहे. पुष्कळ वक्त्यांचा श्वास तिथपर्यंत पुरत नाही, आवाज खाली जातो, पुढच्या वाक्याची घाई होते आणि 'नाही' ओठांतच राहते. मागच्या रांगेतल्या श्रोत्याने तुमच्या म्हणण्याच्या नेमके उलट ऐकलेले असते. यावर दोन उपाय आहेत. निर्णायक वाक्ये लहान ठेवावीत, आणि प्रत्येक वाक्याचे शेवटचे दोन शब्द पहिल्या दोन शब्दांइतक्याच जोराने उच्चारावेत. त्यानंतर एक श्वास घेण्याइतके थांबावे. वक्त्याला तो क्षण फार लांब वाटतो. ऐकणाऱ्याला त्यात फक्त मुद्दा संपल्याचे कळते.

सुरुवातीबद्दल विशेष सांगण्यासारखे नाही. ठरावीक संबोधन एका वाक्यात उरकावे, कवितेच्या ओळी आणि थोरांची वचने विषयाला अगदी नेमकी लागू होत असतील तरच घ्यावीत, आणि तिसाव्या सेकंदाच्या आत आपली बाजू व आपले मुद्दे श्रोत्याला कळलेले असावेत.

भीतीविषयी तुम्ही थेट विचारलेले नाही, पण घाईच्या मुळाशी ती असते. केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच यांच्या २००३ सालच्या संशोधनात आढळले की भाषण करणाऱ्यांना आपली घबराट श्रोत्यांना जितकी दिसते असे वाटते, तितकी ती प्रत्यक्षात दिसत नाही. आणि ही गोष्ट ज्यांना भाषणापूर्वी समजावून सांगितली, त्यांची भाषणे अधिक चांगली झाली. म्हणून छातीत धडधडत असताना ती लपवण्यासाठी शक्ती खर्च करू नये. पहिली चार वाक्ये मात्र पूर्ण पाठ असावीत, कारण तेवढ्या वेळात श्वास ताळ्यावर येतो. बाकीचे भाषण शब्दशः पाठ करू नये. पाठ केलेल्या भाषणात एक शब्द निसटला की पुढचे सगळे निसटते, आणि समोरच्याच्या मुद्द्याला जागाही देता येत नाही.

भाषण चालू असताना विचारले जाणारे प्रश्न घेण्याची मुभा असलेल्या स्पर्धेत एक किंवा दोन प्रश्न जरूर घ्यावेत. एकही न घेणारा वक्ता घाबरलेला दिसतो. मात्र आपला मुद्दा अर्धवट असताना थांबू नये. 'हा मुद्दा पूर्ण करून आपला प्रश्न घेतो' असे म्हणून हाताने बसण्याची खूण करावी, मुद्दा संपवावा आणि मग घ्यावा. उत्तर दोन वाक्यांत द्यावे आणि लगेच मूळ ओघाकडे परतावे.

पुढच्या स्पर्धेला पंधरा दिवस असतील, तर मी तुमच्याकडून तीन गोष्टी करून घेईन. पहिल्या पाच दिवसांत रोज एक प्रस्ताव घेऊन त्यावर फक्त एकच मुद्दा पाचही अवयवांसह लिहावा आणि सहकाऱ्याने प्रत्येक वाक्यानंतर 'कशावरून?', 'ते कसे घडेल?', 'मग त्याचे काय?' यांपैकी एक प्रश्न विचारावा. ज्या प्रश्नाला उत्तर सुचत नाही तिथे मुद्दा पुन्हा लिहावा. पुढचे पाच दिवस केवळ खंडन: सहकारी दोन मिनिटे बोलेल, तुम्ही त्याचे म्हणणे त्याने 'हो' म्हणेपर्यंत सांगाल, आणि त्यानंतरच उत्तर द्याल. उत्तराचा वेळ एका मिनिटापेक्षा जास्त नसावा. शेवटच्या पाच दिवसांत पूर्ण भाषण मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे आणि ते दोनदा ऐकावे. पहिल्यांदा ऐकताना मजकुराकडे लक्ष न देता फक्त वाक्यांचे शेवट ऐकू येतात का ते पाहावे. दुसऱ्यांदा ऐकताना परीक्षकाच्या जागी बसावे, हातात कागद घ्यावा, आणि जिथे वरच्या तीन प्रश्नांपैकी एखादा मनात उठला पण भाषणात त्याचे उत्तर आले नाही, त्या ठिकाणचे मिनिट आणि सेकंद लिहून ठेवावेत. पहिल्या दिवशी अशा नोंदी दहा-बारा होतात. दुसऱ्या दिवशीचे भाषण त्या नोंदी समोर ठेवूनच लिहायचे असते.